पाणविमानाचा दुभाषी

चहा येतोय तोवर एक ऐकून घ्या. माणूस खोटं बोलून अडकतो, हे तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मी मात्र खरं बोलून माती खाल्ली! आणि अशी खाल्ली की इतकी वर्षं झाली, अजून दाताखाली कचकचते.

हसू येईल तिथे खुशाल हसा. पहिला भाग मीसुद्धा हसतच सांगतो. पुढचं सांगताना मी जरा मध्येमध्ये थांबतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर नव्वदीची शेवटची वर्षं. विरारला मनवेलपाड्यात आम्ही नवा ब्लॉक घेतला होता, तळमजल्यावर. मी, बायको सुनीता आणि कर्जाने घेतलेला रंगीत टीव्ही. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये नाना राहायचे. नाना म्हणजे मूळ मालक. बिल्डिंगचे नव्हे हो, बिल्डिंगखालच्या भाताच्या शेताचे. शेत बिल्डरला दिलं, त्याच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर घर मिळालं. खाडीकाठचा माणूस, सत्तरीला टेकलेला, पण आवाज असा की पार्किंगमधून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचं दूध उतू जावं.

पहिल्याच दिवशी आमच्या घरात आले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "कदम, तुमचा हा सोफा हाय ना, तिथं आमचा बांध होता. आनि तुमच्या बाथरूममधे लय खेकडे मिळायचे."

सुनीता आठवडाभर बाथरूममध्ये चप्पल घालून जायची.

नाना आमच्याकडे यायला लागले ते टीव्हीपायी. त्यांच्या घरचा टीव्ही सुनेच्या ताब्यात होता आणि सुनेच्या मालिकांत रडण्याखेरीज काही होत नाही, अशी नानांची तक्रार होती. आमच्याकडे केबलवर एक परदेशी चॅनेल दिसायचं. त्यावर शनिवारी संध्याकाळी एक अमेरिकन मालिका लागायची. मारामाऱ्या, पाठलाग, बेटं, तस्करी, सगळं काही. हिरोकडे एक पिवळंधमक विमान होतं. ते पाण्यावर उतरायचं आणि पाण्यावरूनच उडायचं.

मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं, कुणाच्या जिभेला झेपलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे 'पाणविमान' म्हणायचे.

नानांनी ते विमान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली बशी तशीच राहिली. "आयला! पान्यावर बसतंय! आपली होडी बसते तसं बसतंय!" जन्मभर खाडीत होडी चालवलेला माणूस तो. त्याला त्या विमानाचं अप्रूप वाटलं, त्यात नवल ते काय?

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नानांनी विचारलं, "कदम, काय म्हनतो हो तो?"

मी म्हणणार होतो, जाऊ द्या हो, तुम्ही विमान बघा. तेवढ्यात सुनीता चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच असतं ना तुमचं?"

खरं होतं. मी फोर्टला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होतो आणि दिवसभर इंग्रजीच टाइप करायचो. पण कुठलं इंग्रजी? 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ.' त्या अख्ख्या मालिकेत एकाही माणसाने एकदाही कुणाला काही एन्क्लोज्ड पाठवलं नाही! ती माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची. मला 'यस', 'नो' आणि 'कम ऑन' एवढंच कळत होतं, आणि तेवढं तर नानांनाही कळत होतं.

पण बायकोसमोर, शेजाऱ्यासमोर, 'मला कळत नाही' असं म्हणायचं? तुम्ही म्हणाला असता? खरं सांगा.

पडद्यावर तेव्हा हिरो एका बेटावरच्या घराचा फोटो हातात धरून उदास बसला होता. थोड्या वेळाने एक टकला माणूस दिसला, तोही दुसरीकडे बसून तसाच फोटो बघत होता. एक घर, दोन माणसं, दोघं एकमेकांवर चिडलेले. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "नाना, हे दोघे सख्खे भाऊ. हिरो थोरला, टकला धाकटा. बापाची जमीन होती समुद्राकाठी, त्यावरून फाटलं."

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली माणसं जमिनीवरून कशाला भांडतील? पण तेव्हाच्या विरारमध्ये दोन माणसं भांडताना दिसली की दुसरं कारण डोक्यात येतच नव्हतं. जिकडे बघावं तिकडे शेतं जात होती आणि इमारती उठत होत्या. घरोघरी भाऊ भावाशी बोलत नव्हता. मी शोध लावला नव्हता हो काही, खिडकीतून जे दिसत होतं तेच टीव्हीत घातलं.

नानांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "थोरल्यानं विकली?"

"हो," मी म्हटलं.

"धाकट्याला विचारून?"

"थोरला म्हणतो विचारून. धाकटा म्हणतो न विचारता."

नानांनी चहा एका घोटात संपवला आणि उठून गेले. सुनीता माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं नानांचं?"

"नानांचं काय?"

तेव्हा मला कळलं. नानांना एक धाकटा भाऊ होता, गजानन, सगळे गजाभाऊ म्हणायचे. आमच्या बिल्डिंगखालचं शेत दोघांच्या बापाचं. नानांनी बिल्डरशी बोलणी केली. विचारून केली असं नाना म्हणायचे, न विचारता केली असं गजाभाऊ म्हणायचा. तो रागाने उठला आणि वसईपलीकडच्या कामण गावी सासुरवाडीच्या जागेवर जाऊन राहिला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, जाणं-येणं नाही. मी नवीन राहायला आलेला माणूस, मला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं!

झालं. पुढच्या शनिवारी नाना वेळेच्या आधीच हजर. सोबत वरच्या मजल्यावरची आणखी मंडळी. बांधावर, म्हणजे सोफ्यावर, नानांची जागा ठरलेली. आणि मी टीव्हीशेजारी स्टुलावर, दुभाषी.

काय काय विचारावं त्या माणसाने! "कदम, सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

"बापाच्याच. वारस लावायचे राहिलेत."

"बघा! तिकडं पन तेच!" नानांनी सगळ्यांकडे वळून पाहिलं. "आनि ही गोरी बाई कोन?"

"वकील."

"दिवानी की फौजदारी?"

त्या बाईने नेमकं तेव्हाच एका माणसाच्या कानफटात मारली. मी म्हटलं, "फौजदारी."

पडद्यावर एखादा भलंमोठं भाषण करायचा, मला एक शब्द कळायचा नाही, मग मी म्हणायचो, "तो नाही म्हणतोय." उलट कुणी नुसतं 'नो' म्हटलं की मला वेळ भरून काढायला मिळायचा, मग मी बहिणींचा हिस्सा, विहिरीचं पाणी, आंब्याची झाडं, सगळं त्यात बसवायचो. एकदा नाना म्हणालेसुद्धा, "कदम, तो तर नुसता 'नो' म्हनाला."

"नाना, इंग्रजीत थोडक्यात असतं."

पटलं त्यांना! सुनीता आतून कणीक मळताना खोकायची. ते खोकणं साधं नव्हतं, हे मला एकट्यालाच कळायचं.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. ऑफिसात कोणी विचारत नव्हतं, आणि इथे शनिवारी संध्याकाळी अख्खी बिल्डिंग माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

आणि नाना हळूहळू बदलत होते. सुरुवातीला टकला दिसला की शिव्या घालायचे. मग एका भागात टकला पावसात एकटाच उभा राहून विमानाकडे बघत होता. मी म्हटलं, "त्याला वाईट वाटतंय. थोरल्यानं हाक मारावी असं वाटतंय." नानांनी या वेळी टकल्याला शिवी घातली नाही. घरी जाताना दारात थांबून म्हणाले, "लहान होता तेव्हा होडीत माझ्या पुढ्यात बसायचा. बाकी कुनाजवल बसायचा नाय."

टकला नव्हे. गजाभाऊ.

त्याच सुमाराला कामणहून पत्रिका आली. गजाभाऊच्या मुलीचं लग्न. पत्रिका पुतण्याने आणून काकींच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या हातात दिली आणि पळाला. नानांनी उघडून पाहिली तर निमंत्रक म्हणून पहिलंच नाव कुणाचं? नानांचं! घरातलं थोरलं माणूस म्हणून गजाभाऊने त्यांचं नाव सगळ्यात वर छापलं होतं. आता आली का पंचाईत! निमंत्रकच लग्नाला गेला नाही, तर मांडवात आलेल्या पाहुण्यांना सांगायचं काय?

नाना पार्किंगमध्ये फिरून फिरून ओरडत होते. "मला न विचारता माझं नाव छापलं! न विचारता!"

काकी म्हणाल्या, "तुमी त्याला न विचारता शेत दिलं, त्यानं तुमाला न विचारता नाव छापलं. झाली फिटंफाट. चला लग्नाला."

नाना म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी काकी आमच्याकडे आल्या. पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसल्या. "कदमभाऊ, एक विचारू? त्या तुमच्या विमानवाल्या भावांचं पुढं काय होतं?"

"का हो काकी?"

"हे म्हनतात, ते दोघं काय करतात ते बघतो, मग ठरवतो कामनला जायचं का नाय." त्यांनी दाराकडे एकदा वळून पाहिलं. "मी त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय हो. तिच्या लग्नात घरचं थोरलं मानूस नसलं तर कसं दिसंल? तुमी जरा बघा ना. त्यांचं जमलं तर बरं होईल."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी काय करतो हे त्यांनाही कळलेलं होतं, बहुधा पहिल्यापासून. मी म्हटलं, "काकी, काळजी करू नका. येत्या शनिवारी दोघांना मिठी मारायला लावतो."

असं बोललो मी! जशी काय अमेरिकेतली मालिका आमच्या कणकेच्या डब्यात ठेवलेली होती.

शनिवार आला. मी स्टुलावर. काकीसुद्धा आज आल्या होत्या, दाराशी उभ्या. मालिका सुरू झाली आणि पहिल्याच दृश्यात टकल्याने पिवळ्या विमानाखाली काहीतरी चिकटवलं. दुसऱ्या दृश्यात विमानाचा भडका!

नाना ताडकन उठले. "विमान जाळलं? सख्ख्या भावाचं विमान जाळलं?"

काकी माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "नाना, बसा, बसा. हे हिरोला स्वप्न पडलंय."

"मग जागा कधी व्हनार?"

"होईल आता."

झाला नाही. विमान जळतच राहिलं. हिरो पळाला, टकला मागे, दोघे एका कड्यावर पोचले. मारामारी झाली. हिरोचा पाय घसरला आणि तो कड्याच्या टोकाला एका हाताने लोंबकळायला लागला. खाली समुद्र. टकला पुढे आला, वाकला आणि त्याने हात पुढे केला.

आणि चित्र थिजलं. खाली इंग्रजी अक्षरं आली. मालिका सुरू झाल्यापासून मी केलेलं एकमेव बरोबर भाषांतर तेच: "पुढील भागात."

मी नानांकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा उजवा हात पुढे आलेला होता, तसाच हवेत. भानावर आल्यावर त्यांनी तो मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"धरनार," ते म्हणाले. "धाकटा हाय तो. धरनारच." मग काकींकडे वळून म्हणाले, "माझा पांढरा झब्बा धुवून ठेव. पुढल्या शनवारी ह्यानं हात धरला, की रविवारी आपन कामनला."

काकींनी दारातूनच मला हात जोडले. मला इतकं भरून आलं, काय सांगू! वाटलं, काही नाही करता आलं आयुष्यात तरी हे एक केलं.

आता इथून पुढे हसू नका. नाही, हसा, पण हळू.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक कप्तान आले. आपल्या विरारजवळच्या नंदाखाल गावचेच, केळीच्या वाडीतून निघून जगभर जहाजं फिरवलेला माणूस. कागदपत्रं होईतो मी त्यांच्याशी गप्पा मारत होतो. बोलता बोलता मी पाणविमानाचा विषय काढला. कप्तान मोठ्याने हसले.

"अरे कदम, ती सीरियल अजून दाखवतात? ती तिकडे केव्हाच बंद पडली! कोणी बघितलीच नाही. अर्ध्यात गुंडाळली. शेवट केलाच नाही त्यांनी."

"म्हणजे तो हात धरतो की नाही?"

"कुणाचा हात?"

"भावाचा."

"कुठला भाऊ? तो टकला कस्टम्सवाला आहे. त्या पायलटला पकडायला फिरतोय. चोरीचा माल त्या घरात आहे ना, म्हणून दोघांकडे फोटो."

"आणि ती वकीलबाई?"

"वकील कोण? ती दातांची डॉक्टर."

कप्तान गेले. मी टाइपरायटरसमोर बसून राहिलो. तुम्हाला वाटेल मी घाबरलो. छे! मला ती एकदम मोठी बातमी वाटली. अख्ख्या विरारमध्ये हे फक्त मला माहीत होतं, आणि तेही थेट कप्तानाकडून.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरलेला. नाना नुकतीच दाढी करून आले होते. टीव्ही लावला. पडद्यावर एक हसरा माणूस सुरीने बूट कापत होता.

नाना पुढे वाकले. "हा कोन? तलाठी?"

थोडा वेळ सगळ्यांनी वाट पाहिली. त्या माणसाने बूट कापला, मग टोमॅटो कापला, मग सुरीबरोबर बटाट्याची सालं काढायची सोलणी फुकट देतो म्हणाला. चॅनेलने पाणविमान काढून टाकलं होतं आणि त्या जागी सामान विकायला बसवलं होतं.

नाना माझ्याकडे वळले. "कदम, हात धरला का हो त्यानं?"

बघा. आता बघा माझं कर्म. मालिका बंद. पडद्यावर नुसता बूट आणि सुरी. मला अडवणारं, खोटं पाडणारं जगात काही नाही. 'धरला' एवढा एक शब्द बोलायचा होता. इतके शनिवार मी त्या मालिकेच्या नावाने वाट्टेल ते बोललो होतो, आणि आज एक शब्द!

नेमका त्याच क्षणी मला प्रामाणिकपणाचा झटका आला.

प्रामाणिकपणा कसला, ताजी बातमी होती हो तोंडात, ती राहीना. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "नाना, मी खास चौकशी केली. एका कप्तानाकडून. ती मालिका तिकडे बंद पडली. तिला शेवटच नाही. आणि खरं सांगू का, ते दोघे भाऊ नव्हतेच. माझ्या ऐकण्यात चूक झाली. तो टकला कस्टम्सवाला, आणि तो..."

आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. मी तरी थांबलो नाही. दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं सांगूनच थांबलो.

नाना बराच वेळ त्या बूट कापणाऱ्या माणसाकडे बघत राहिले. "भाऊ नव्हते?"

"नाही नाना."

"मग परका मानूस कशाला कुनाचा हात धरील," ते म्हणाले. तेही अगदी हळू, त्यांच्या त्या आवाजात मी असं हळू बोलणं कधी ऐकलं नव्हतं. उठले, चपला घातल्या आणि गेले. मागून सगळे गेले.

काकी शेवटी निघाल्या. दारात थांबल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, "इतके दिस खोटं बोललात भाऊ. आज अजून एकदा बोलला असतात तर?"

सुनीता त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. नुसती आमटी वाढली.

सकाळी उठल्याबरोबर मी नानांच्या दारात. ते बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पांढरा झब्बा घातलेला, इस्त्रीचा. मी म्हटलं, "नाना, काल माझीच गफलत झाली. मी पुन्हा विचारलं. ते भाऊच होते."

नानांनी वर पाहिलं. "काल नव्हते, रातीत झाले?"

मी म्हटलं, "आणि त्याने हात धरला, नाना. मी सांगतो ना."

"राहू द्या कदम," ते म्हणाले. "तुमी चांगले मानूस हायत. पन राहू द्या."

काकी आणि त्यांचा मुलगा कामणला गेले. नाना तो झब्बा घालून खुर्चीत बसून राहिले, मुहूर्ताची वेळ होऊन गेली तरी. मी खिडकीतून बघत होतो. दोनदा चप्पल घातली, वाटलं, बाहेर जावं, त्यांना रिक्षात घालावं आणि स्वतः कामणला सोडून यावं. नाही गेलो. कुठल्या तोंडाने जायचं? मला आजही वाटतं, तेव्हा गेलो असतो तर ते आले असते. झब्बा घालून बसलेला माणूस दुसऱ्या कशाची वाट बघत होता?

त्यानंतर नाना शनिवारी आले नाहीत. पार्किंगमध्ये भेटले की "काय कदम?" म्हणायचे, मीही "काय नाना?" म्हणायचो. सोफ्याची ती जागा आम्ही उगीचच रिकामी ठेवायचो. पाहुणा तिथे बसायला लागला की सुनीता त्याला दुसरीकडे बसवायची.

कामणला ते कधीच गेले नाहीत. गजाभाऊही इकडे आला नाही. मांडवात एवढी माणसं 'निमंत्रक कुठे?' म्हणून विचारत होती म्हणे, त्यालाही ते लागलंच असणार. मग काही वर्षांनी एका पहाटे नाना झोपेतच गेले.

गजाभाऊ आला तो तेव्हा. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. डोक्यावर भरपूर केस, बाकी हुबेहूब नाना, आवाजसुद्धा. दिवसकार्य झाल्यानंतर पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या होत्या, तिथे तो माझ्या शेजारी येऊन बसला. काकी समोर होत्या.

"तुमीच का ते इंग्रजीवाले?" त्याने विचारलं. "वहिनी सांगत होती, दादा तुमच्याकडं ते पान्यावरचं विमान बघायचा."

मी मान खाली घातली. "हो."

"आमच्याकडं पन लागायचं!" त्याचा चेहरा उजळला. "आमी सगळे मास्तरांच्या घरी बसायचो. ते सांगायचे इंग्रजीचं मराठी करून. दोन भाऊ, बापाची जमीन समुद्राकाठी, थोरल्यानं विकली..."

मी पेला खाली ठेवला. "भाऊ? तुम्हाला कोणी सांगितलं भाऊ म्हणून?"

"मास्तरांनी. आनि सांगायला कशाला पायजे? दिसतच होतं. जमिनीशिवाय दुसऱ्या कशावरनं भांडनार दोन मानसं?" त्याने खुर्ची माझ्याकडे ओढली. "त्या टकल्याला पावसात उभं बघितलं आनि मी घरी जाऊन पत्रिकेवर दादाचं नाव वर घातलं."

मी तरी विचारलंच. "आणि शेवट? शेवट तर दाखवलाच नाही."

"नाय दाखवला. पन मास्तरांनी सांगितला ना! धाकट्यानं हात धरला, थोरल्याला वर घेतला आनि दोघं घरी गेले." त्याने डोळे पुसले. "म्हनून तर मी मांडवाच्या दारात उभा होतो. म्हटलं, दादानं पन बघितलं असंल. येनारच. भटजी हाका मारत होता तरी उभा होतो."

काकी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"तुमी काय सांगितलं दादाला?" गजाभाऊने विचारलं. अगदी सहज. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आमच्याकडे... आमच्याकडे हात नाही धरला, गजाभाऊ."

तो रागावला नाही. मला समजून घेतल्यासारखी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मग तुमचं इंग्रजी कच्चं असनार, सायब."

"हो," मी म्हटलं. "कच्चंच आहे."